बॅटरी बदलली आणि गाडी घाट चढेना

मे महिन्यात आमच्या गाडीची बॅटरी बसली. दर्यापूर तालुक्यातल्या उन्हात अडीच वर्षे काढलेल्या बॅटरीविषयी तक्रार करण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याच दिवशी नवी बसवून घेतली. परतीच्या वाटेवरच गाडी जड वाटू लागली. उभी असताना इंजिनचे फेरे खाली जात, एसी लावला की ते बंद पडते की काय असे वाटे, आणि ट्रॅक्टरच्या पुढे जायला ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर विचार करूनच उचल घेई. मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला, "भाऊ, कम्प्युटर नवं झालं ना आता, दोन-चार दिवस अशीच रायते. चालवत राहा."

त्याचे म्हणणे निम्मे खरे होते. इंजिनचा कम्प्युटर कारखान्यातून आलेल्या मूळ तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो, पण सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर काय सांगतो ते पाहून त्यात सतत दुरुस्ती करत असतो, आणि कायम लागणारी दुरुस्ती स्मरणात ठेवतो. तिला लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात. थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर, काजळी धरली असेल, तर फेरे टिकवण्यासाठी झडप किती जास्त उघडायची हेही तो शिकून ठेवतो. आमच्यासारख्या गाडीत बॅटरीची तार काढली की हे सगळे शिक्षण पुसले जाते. उभ्या गाडीतला अडखळा त्यामुळेच होता आणि तो चार दिवसांत खरोखर गेला.

उचल मात्र परतली नाही. दहा दिवसांनी परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालो, तेव्हा एरवी तिसऱ्या गिअरमध्ये सहज जाणाऱ्या चढावर दुसरा टाकावा लागला आणि बॉनेटखालून बारीक टकटक ऐकू येऊ लागली. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्याने विरळ हवेत थोडी ताकद कमी होणारच, पण ही टकटक घाटाच्या पायथ्यालाच सुरू झाली होती.

घरी आल्यावर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर लावला आणि फोनवर आकडे पाहिले. इंजिन गरम होऊन उभे असताना ट्रिम अधिक ३ टक्के, म्हणजे मूळ तक्त्यापेक्षा तितके पेट्रोल जास्त सोडले जात होते; त्यात काळजीचे काही नाही. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर मात्र तो अधिक १९. शून्याच्या आजूबाजूला ५ टक्के चांगले, १० पर्यंत चालते. १९ चा अर्थ असा, की कम्प्युटरला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त हवा इंजिनात जात आहे, किंवा पेट्रोल कमी पडत आहे. हवेच्या पाइपला गळती असती, तर हा आकडा उभ्या गाडीत मोठा आणि वेगात लहान दिसला असता. इथे उलट होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंजनगाव रस्ता मोकळा असताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि शेजारी बसलेल्या पुतण्याला हवेचा आकडा वाचायला सांगितले. ढोबळ हिशोब असा, की इंजिनच्या अश्वशक्तीला ०.८ ने गुणले की पूर्ण जोरात दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत जावी ते कळते. आमच्या सुमारे ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला, हवामान धरून, ६० च्या आसपास यायला हवे होते. पुतण्याने वाचले ५०. केवळ फिल्टर चोंदला असता तर हवा खरोखरच कमी गेली असती आणि ट्रिम जागेवर राहिला असता. हवा कमी दिसते आणि ट्रिमही वर चढतो, तेव्हा मोजणाराच कमी मोजत असतो.

हा मोजणारा म्हणजे फिल्टरनंतर बसवलेला मॅफ सेन्सर. त्यातली तार तापवलेली असते. येणारी हवा तिला थंड करते, आणि ती तितकीच तापलेली ठेवायला लागणाऱ्या विजेवरून हवेचे वजन कळते. तारेवर धूळ बसली की ती कमी थंड होते आणि हवा कमी मोजली जाते. हवा कमी समजल्यावर पेट्रोलही कमी सोडले जाते, आणि इंजिनवर भार कमी आहे असे समजून ठिणगी लवकर दिली जाते. मग टकटक होते, नॉक सेन्सर ती ऐकून ठिणगी मागे ओढतो, आणि चढावर पायाखाली काहीच उरत नाही. बॅटरी बदलण्याआधी कम्प्युटरने ही तूट भरून काढली होती, म्हणूनच आम्हाला काही जाणवले नव्हते. नंतर सपाट रस्त्यावरची दुरुस्ती तो पुन्हा शिकला, पण पूर्ण जोराची बाजू कोरीच राहिली. मर्यादा ओलांडली नसल्याने चेक इंजिनचा दिवाही लागला नाही.

सेन्सर काढला, तेव्हा तारेवर काळ्या मातीची राखाडी साय आणि तिला चिकटलेला रुईचा एक तंतू दिसला. मॅफसाठीच मिळणारा स्प्रे दुरून मारला; तारेला बोट किंवा ब्रश लावला नाही, कारण ती केसाइतकी नाजूक असते. पूर्ण सुकल्यावर बसवला. पुढच्या फेरीत ५९ आले आणि आठवडाभरात ट्रिम अधिक ४ वर स्थिरावला.

धूळ तिथवर पोहोचली कशी, याचे उत्तर माझ्याकडेच होते. दिवाळीत, जिनिंगला कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना, मी स्वतः स्वस्तातला फिल्टर टाकला होता. त्याची रबरी कड डब्यात नीट बसत नव्हती, आणि डब्याची एक क्लिप तुटलेली असल्याने ती फट मी तारेने आवळून ठेवली होती. आता योग्य मापाचा फिल्टर आहे. क्लिप अजून मिळालेली नाही.