गोधडी जमिनीवर, बाळ पिशवीत

इथे नेदरलँड्समध्ये बाळ यायच्या आधी पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावावे लागतात. बाळाच्या नव्हे, आईच्या पलंगाच्या. बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर रोज काही तास ‘क्रामझोर्ख’ची, म्हणजे बाळंतिणीची आणि बाळाची घरी देखभाल करणाऱ्या सेवेची, बाई येते. तिची कंबर वाकून वाकून धरू नये म्हणून पलंग उंच हवा. ठोकळे भाड्याने मिळतात. तिच्या पगाराचा बराचसा भार सक्तीच्या आरोग्यविम्यावर असतो, आपण तासामागे थोडी रक्कम भरायची.

ही बाई सुईण नाही आणि आपल्याकडची मालिशवालीही नाही. ती टाके बघते, बाळाचं वजन करते, दोघांचा ताप मोजते, बाळाला अंगावर नीट कसं घ्यायचं ते दाखवते. आल्यागेल्याला कुरकुरीत टोस्टवर लोणी आणि वर साखरेचा थर दिलेले बडीशेपेसारखे दाणे भुरभुरून देते. बाळंतिणीच्या घरात बडीशेप पाहून माझ्या आईला या देशाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

ते फार वेळ टिकलं नाही, कारण बाईंनी बाळाचा पाळणा तपासायला घेतला.

आईने सांगलीहून भरून आणलेलं होतं: कुंची, दुपटी, जुन्या नऊवारीची मऊ गोधडी आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. बाईंनी एकेक वस्तू उचलली, कौतुकाने पाहिली, घडी करून बाजूला ठेवली. इथल्या मैत्रिणीने दिलेला कापडी ससाही काढला, म्हणजे पक्षपात नव्हता. उरली टणक गादी आणि ताणून बसवलेली चादर. “अगं, लेकराला असं उघडंबोडकं झोपवायचं? या थंडीत?” आई मला म्हणाली. मी भाषांतर केलं, तशी बाईंनी कपाटातून पिशवी काढली.

पिशवी म्हणजे बिनबाह्यांचं सुती जाकीट, पायाकडून शिवून बंद केलेलं. हात बाहेर, पाय आत मोकळे, समोर चेन. बाळाने कितीही लाथा मारल्या तरी पांघरूण सरकत नाही आणि, मुख्य म्हणजे, तोंडावर येत नाही. तान्ह्या बाळाला नाकावर आलेलं कापड स्वतः बाजूला करता येत नाही. सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते, अंग तापतं, आणि गुदमरताना मोठ्यांसारखी दचकून जाग येईलच असं नसतं. म्हणून इथे दोन वर्षांखालच्या मुलाला जाड रजई द्यायची नाही, असंच सांगतात. पिशवीचा गळा मात्र बाळाच्या मापाचा हवा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठी घेतली तर बाळ आत घसरतं आणि सगळा उद्देशच बुडतो.

ऊब किती, ते ‘टॉग’ या आकड्यात लिहिलेलं असतं. ०.५ म्हणजे उन्हाळी पातळ, २.५ म्हणजे हिवाळी. खोली १८ अंशांच्या आसपास ठेवतात आणि त्या मानाने आतले कपडे कमी-जास्त करतात. झोपताना टोपी नाही. बाळाला जास्तीची उष्णता डोक्यावाटे टाकता यायला हवी, आणि टोपी घसरून नाकावर येऊ शकते. गरम होतंय का हे मानेमागे बोटं घालून बघायचं. घाम असेल तर एक थर काढायचा. आईचा हात मात्र सारखा बाळाच्या तळहाताकडे जायचा, आणि तान्ह्या बाळांचे तळहात गारच असतात!

आता मला पटलेली गंमत. पाळण्यावरून आपल्याला शिकवणारा हा देश पन्नासेक वर्षांपूर्वी नेमकी उलटी गोष्ट शिकला होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे डॉक्टरच बाळांना पालथं झोपवायला सांगू लागले. उलटी झाली तर घशात अडकणार नाही, हा तर्क. पाळण्यातले अचानक मृत्यू वाढत गेले, १९८०च्या दशकात हजार जन्मांमागे एकाच्या आसपास पोचले. १९८७मध्ये बालआरोग्याचे प्राध्यापक दे योंगे यांनी उघडपणे सांगितलं की बाळांना पालथं झोपवू नका. सल्ला फिरला आणि आकडा झपाट्याने उतरू लागला. ब्रिटनने तशी मोहीम १९९१मध्ये काढली, अमेरिकेने १९९४मध्ये. पुढे इथल्याच संशोधनात रजई धोक्याची आणि सुती पिशवी फायद्याची दिसली. उताणं झोपवणं, सिगारेटचा धूर नाही, मोकळा पाळणा हे सगळं जमेला येत प्रमाण आता दहा हजारांत एकाच्या आसपास आहे.

हे ऐकून आईने विचारलं, “म्हणजे आम्ही उताणंच झोपवत होतो ते बरोबर?” अगदी बरोबर. बाळाला आपल्याच खोलीत ठेवायची आपली पद्धतही बरोबर. इथेही पहिले सहा महिने तेच सांगतात, फक्त पाळणा वेगळा हवा. म्हणून ‘आपलं सगळं जुनाट’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही आणि ‘आमच्या आज्या काय वेड्या होत्या’ म्हणणाऱ्यांशीही नाही. मोहरीची उशी नको म्हणजे नकोच; डोकं चपटं होऊ नये म्हणून मान आलटून पालटून दोन्हीकडे वळवायची. पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधणंही नको, त्याने खुब्याचा सांधा बिघडू शकतो. झोळीतही मला रात्रभर ठेववत नाही, कारण हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. गोधडी मात्र मजेत वापरात आहे, जमिनीवर. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, दिवसा थोडा वेळ पालथं. त्याने मान धरायला मदत होते.

बाळाला शेक द्यायला शेगडी कुठून आणायची, हा आईचा प्रश्न ‘क्राउक’ने सोडवला. ही धातूची गरम पाण्याची बाटली. झाकण घट्ट लावून, उलटी धरून गळती बघायची, जाड खोळ घालायची आणि पाळण्यात बाळापासून वीतभर लांब, झाकण खालच्या बाजूला करून ठेवायची. हे काम आईने स्वतःकडे घेतलं आणि मला हात लावू दिला नाही.

पुण्याहून बहीण विचारते, अशी पिशवी ऑनलाइन घेऊ का? डिसेंबरात किंवा एसी लावून झोपत असाल तर पातळ घे. मे महिन्यात नागपूरला कुणी २.५ टॉगची चढवली तर बाळ उकडून निघेल. तिथे झबलं आणि पंखा पुरे. ‘शांत झोपेसाठी’ म्हणून वजन शिवलेल्या पिशव्या विकतात, त्या अजिबात नकोत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आणि इकडे येणाऱ्या कुणाबरोबर काही पाठवायचंच असेल तर मऊ सुती दुपट्यांची चवड पाठवा. ढेकर काढताना खांद्यावर टाकायला त्याला तोड नाही. डच लोकही त्याच कामाला मलमलीचे चौकोनी तुकडे वापरतात, फक्त त्यांची किंमत युरोत असते.