वसुबारसेपासून सुरू झालेला मुलींचा वर्ल्ड कप

घाटंजी-पांढरकवड्याकडच्या वावरात डीएपीचं पोतं फोडलं जातं, तेव्हा त्यातलं बरंचसं फॉस्फेट मोरोक्कोतून आलेलं असतं. तिथल्या खूरिबगाच्या खाणींतून ते निघतं, जोर्फ लास्फरच्या बंदरावर त्याचं खत होतं आणि जहाजानं आपल्याकडे येतं. मी त्याच धंद्यात कासाब्लांकाला नोकरी करते. त्यामुळे कृषी केंद्रात पोतं उशिरा आलं की मोठे काका मलाच फोन करतात, जहाज जसं काही मीच अडवून धरलंय. पण आज खताचं काही सांगत नाही. आज फुटबॉल.

17 ऑक्टोबर 2025, म्हणजे आपल्याकडे वसुबारस होती त्या दिवशी, इथे सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल वर्ल्ड कप सुरू झाला. सामने सगळे राजधानी रबात आणि तिच्या शेजारच्या साले परिसरात. खेळणाऱ्या मुली 1 जानेवारी 2008 नंतर जन्मलेल्या. ही स्पर्धा 2008 ला न्यूझीलंडमध्ये सुरू झाली. तेव्हापासून ती दोन वर्षांनी एकदा व्हायची आणि सोळा देश खेळायचे. यंदापासून चोवीस देश झाले आणि ती दरवर्षी होणार, 2029 पर्यंत मोरोक्कोतच. कासाब्लांकाहून रबात रेल्वेनं तासाभरावर, त्यामुळे सुटीच्या दिवशी जाऊन सामने पाहता आले.

सामना पाहताना मी भाचीला व्हिडिओ कॉल लावला. ती नववीत आहे, कबड्डीत चांगली पकड करते. मैदान पाहून तिचा पहिला प्रश्न, "मावशी, ह्या पोरी चड्डीवर खेळते तं त्यायचे मायबाप काही म्हणत नाही काय वं?"

हा प्रश्न इथेही होता. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई सालेची आहे, तिची मुलगी क्लबात खेळते. त्या संघात कुणी चड्डीवर खेळते, कुणी खाली घट्ट पायजमा आणि डोक्याला कापड बांधून. फिफानं डोकं झाकून खेळायला रीतसर परवानगी दिली ती 2014 ला. 2016 ला जॉर्डनमध्ये याच वयोगटाच्या वर्ल्ड कपात मुली तशा खेळल्या. 2023 ला मोठ्या बायकांच्या वर्ल्ड कपात हिजाब घालून पहिल्यांदा उतरली ती मोरोक्कोचीच नुहैला बेनझिना. बाई सांगत होती, आधी घरात नवऱ्याची कुरकुर होती, आता सामन्याच्या दिवशी बूट तोच पुसून ठेवतो. कपड्यांचा प्रश्न सुटतो हो. सुटत नाही तो वेळेचा.

कारण याच दिवसांत आपल्याकडे काय चाललेलं असतं? सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली की कापसाची वेचणी. दिवाळीच्या सुट्या म्हणजे मुलींसाठी वेचणीच्या सुट्या, कमरेला ओटी बांधून सकाळपासून वावरात. यंदा पावसानं सोयाबीन खाल्लं, तेव्हा मजूर लावायलाही पैसा नव्हता. घरच्याच पोरी कामाला. माझी भाचीही त्यात होती. कॉल तिनं तुरीच्या ओळीत उभं राहूनच घेतला होता.

इथल्या लोकांना भारत फुटबॉलमुळे आठवतो, ही माझ्यासाठी नवलाची गोष्ट. 2022 चा हाच वर्ल्ड कप आपल्याकडे झाला होता. भुवनेश्वरला मोरोक्कोनं आपल्याला 3-0 हरवलं, आणि या स्पर्धेतला तो त्यांचा पहिलाच विजय. बाईच्या मुलीला तो सामना तोंडपाठ आहे. अमेरिकेनं आपल्यावर आठ गोल केले आणि ब्राझीलनं पाच, हे मी तिला सांगायच्या भानगडीत पडले नाही. आपली कॅप्टन होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उरांव. तिच्या सन्मानासाठी सरकारनं गावात रस्ता बांधायला काढला आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील मजुरीला होते. हे तेव्हा पेपरात वाचलं, त्यावर काय बोलावं ते आजही सुचत नाही.

मोरोक्को यंदा बाद फेरीत पोचला आणि तिथे उत्तर कोरियानं त्यांना 6-1 धुतलं. बाई दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाशी बोलली नाही. 8 नोव्हेंबरला अंतिम सामन्यात उत्तर कोरियानं नेदरलँड्सला, म्हणजे युरोपच्या विजेत्यांना, 3-0 हरवलं. तिन्ही गोल पहिल्या अर्ध्यातच. 2008, 2016, 2024 आणि आता 2025, चौथा कप. त्या पोरींचं पळणं पाहून तोंडात बोट जातं: चेंडू गेला की तिघीजणी त्यावर झडप घालतात. पोटापाण्याची वानवा असलेला देश, पण 2013 ला प्याँगयांगला त्यांनी फुटबॉलची निवासी शाळा काढली. तसलं सरकार आपल्याला नकोच बाप्पा. शाळा मात्र हवी.

एक गंमत सांगायची राहिली. इथे मोठ्या सामन्यांसारखं व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाला सांगणारे वेगळे पंच, नव्हते. पंचाचा निर्णय पटला नाही की प्रशिक्षक बोट गोल फिरवतो आणि चौथ्या पंचाच्या हातात एक कार्ड देतो, मग मैदानावरचा पंच टीव्हीवर बघून येतो. क्रिकेटच्या डीआरएसची बहीणच. भाचीला सामन्यातलं सगळ्यांत जास्त हेच आवडलं. "कबड्डीत पंच आमचं काहीच आयकत नाही," हे तिचं जुनं दुखणं.

2 नोव्हेंबरला आपल्या बायकांनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला, तो मी मोबाईलवर पाहिला. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मैदान. 2022 ला मुलींच्या फुटबॉलची फायनल याच मैदानावर झाली होती, स्पेननं कोलंबियाला 1-0 हरवलं होतं. म्हणजे मैदानं आहेत आपल्याकडे, पण मुंबईला. नागपूरला फुटबॉल जुना, विजय बारसेंनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांना खेळवलं, पण तो चेंडू आमच्या तालुक्यापर्यंत घरंगळत आला नाही. आमच्याकडे दसऱ्याला कबड्डीचे खुले सामने होतात ते पोरांचे. पोरींनी पाहायचं.

आणि ज्या दिवशी रबातला स्पर्धा सुरू झाली, त्याच दिवशी किरगिझस्तानात बिश्केकला आपल्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला 2-1 हरवून आशियाई कपाचं तिकीट काढलं. 2005 नंतर पहिल्यांदा. तो कप 2026 चा, चीनमधला. आपल्याकडे दिवाळीच्या गडबडीत ही बातमी कुणी वाचली असेल असं वाटत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

भाचीनं परवा विचारलं, "मावशी, फुटबॉल केवढ्याले येते?" चेंडू मी पाठवते म्हटलं. शाळेचं मैदान मात्र सोयाबीनच्या कुटारानं भरलेलं आहे, मळणी तिथेच झाली. सरपंचांना फोन केला. ते नात्यानं माझे मामा लागतात. म्हणाले, "कुटार उचलाले ट्रॅक्टर मोकळा नाही वं माय, डिसेंबरात पाहू." त्यांचा नंबर गावात सगळ्यांकडे आहेच. जमलं तर एकेक फोन तुम्हीही करा.