आमची वाटचाल : पोळी, भाकर आणि २०१६ चा उन्हाळा

२०११ साली लातूरला औसा रोडवर आमचं पोळी-भाजी केंद्र सुरू झालं, तेव्हा दोन बिडाचे तवे, एक काटवट, दोन पोळपाट, मी आणि मावशी, एवढाच पसारा होता. मावशी आमच्या गल्लीतल्या. भाकर थापायला त्यांच्यासारखा हात मी अजून पाहिला नाही. आज तेरा जणी कामाला आहेत आणि रोज साठ किलो कणीक मळली जाते. हे सांगताना ऊर भरून येतो.

त्याआधी सात वर्षं मी एका पतपेढीत कारकून होते. लेक दोन वर्षांची. चार वाजले की आम्हा चौघी बायकांच्या टेबलांवर एकच विषय, संध्याकाळच्या पोळ्यांचा. वीस पोळ्या म्हणजे मळणं, लाटणं, भाजणं, ओटा पुसणं धरून पक्का सव्वा तास. तेवढ्यात लेकरू झोपून गेलेलं असायचं. तो सव्वा तास कुणी विकत दिला असता तर मी घेतला असता. धंद्याची कल्पना तिथंच सुचली.

लोक मात्र म्हणायचे, आळशी बायकांची सोय केली हिनं. हे बोलणं मला अजून लागतं. शेतकऱ्यानं मळणीला यंत्र बोलावलं तर त्याला कुणी आळशी म्हणत नाही. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक शिक्षिका होती, रोज रेणापूरला जाऊन-येऊन नोकरी करायची. सासूबाईंना कळू नये म्हणून आमच्या दारातच पोळ्या घरच्या डब्यात भरून घ्यायची. झाकण लावताना तिचे हात थरथरायचे. बायांनो, घरी सरळ सांगा की पोळी विकतची आहे. दोन दिवस तोंडं वाकडी होतील, तिसऱ्या दिवशी सगळे जेवतील.

पुढची चार-पाच वर्षं बरी गेली. मग २०१६ उजाडलं.

मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून जलदूत गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा लोक डोळ्यांत पाणी आणून बघत होते. ज्यांनी तो उन्हाळा काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. किलोभर कणकेला पाणी लागतं अर्ध्या लिटरच्या थोडं वर. म्हणजे मळायचं पाणी कसंही जमवता येतं. खरं पाणी खातात ते हात, पराती, पातेली आणि फरशी. भाकरीचं तर विचारूच नका. थापताना ओला हात, तव्यावर टाकली की वरून पुन्हा पाण्याचा हात. शिवाय ज्वारी जुनी झाली की तिची चिकी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग पीठ उकळत्या पाण्यातच मळावं लागतं. भाकर थोडे दिवस बंद ठेवू, असं मी म्हणाले, तर मावशी चिडल्या. "लातुरात भाकर मिळंना म्हणल्यावर केंद्र कशाला उघडं ठेवायचं?" आम्ही रस्साभाजी बंद केली, गिऱ्हाइकांना स्वतःचे डबे आणायला लावले, आणि टँकरचं पाणी गाळून, उकळून वापरलं.

मागच्याच गल्लीत एकानं तेव्हा नुकतंच चपातीचं मशीन बसवलं होतं. त्यानं दारोदार सांगितलं की आम्ही कुठल्यातरी घाण विहिरीच्या पाण्यात कणीक मळतो. आमचा अन्न नोंदणीचा कागद भिंतीवर होता, उकळायचं पातेलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तरी आठ दिवसांत एकशे दहा डब्यांचे चौतीस झाले. मळलेली कणीक आम्ही गाईला घातली. ते दृश्य मी विसरलेले नाही. मशीनची चपाती गरम असताना बरी लागते, पण तिला घडी नसते, पदर सुटत नाहीत, दुपारी डबा उघडला की चिवट. पण त्या महिन्यात चवीचं कोण बोलतंय!

मे महिन्यात केंद्राला कुलूप लावायचं ठरलं होतं. बँकेत अधिकारी असलेल्या एक मॅडम पहिल्या वर्षापासून आमच्याकडं यायच्या. नवरा नांदेडला, घरी दोन लेकरं. एक दिवस सकाळी सव्वासहाला त्यांची स्कूटी दारात थांबली. पायाजवळच्या जागेत वीस लिटरचा जार होता, त्यांच्या बोअरचं फिल्टर केलेलं पाणी. जार उतरवताना साडीचा काठ भिजला होता. म्हणाल्या, "ताई, तुम्ही बंद केलं तर मला नोकरी सोडावी लागंल. कणीक यात मळा." सलग एक्केचाळीस दिवस त्या आल्या. बँकेत, शाळेत, दवाखान्यातल्या सिस्टरांना स्वतः सांगत फिरल्या की मी रोज बघते. जूनअखेर सत्तर डबे परत आले. पावसाळा सरता सरता मांजरा धरणात पाणी आलं. मशीनवाला अजून भेटला की नमस्कार करतो. मीही करते, पण त्या आठ दिवसांबद्दल तो एका शब्दानं बोललेला नाही.

२०२० चं लॉकडाऊन आम्ही दवाखान्याच्या डब्यांवर काढलं.

नवीन कुणी केंद्र काढणार असेल तर ऐका. कामाला येणारी बाईही आई असते. आमच्याकडं पहाटेची पाळी साडेनवाला सुटते, म्हणजे तिला लेकराला शाळेत सोडता येतं. आणि डबे घेणाऱ्यांनो, गरम पोळ्या प्लास्टिकमध्ये बांधू नका, सुती फडक्यात गुंडाळा, नाहीतर घाम सुटून खालच्या भिजतात.

मॅडमची पुढं बदली झाली. मागच्या जूनमध्ये एक मुलगी डबा लावायला आली, नीटच्या क्लाससाठी लातुरात राहते म्हणाली. आईनं पत्ता दिला होता आणि जारबद्दल विचार म्हणून सांगितलं होतं. जार आहे, त्यात आम्ही ज्वारीचं पीठ ठेवतो. मावशींचे गुडघे गेलेत, त्या तव्यापुढं फारशा उभ्या राहत नाहीत. त्या दिवशी उठल्या, जारातलं पीठ काढलं आणि पोरीसाठी दोन भाकरी थापल्या.