मामाची तिथी आणि वेल्सचा कडा

पुण्यात होते तेव्हा क्लाइंबिंग म्हणजे शनिवारी रात्री सॅक भरायची, पहाटे निघायचं आणि तैलबैला नाहीतर ड्यूक्स नोज गाठायचा, काळजी असायची ती उन्हाची आणि मधमाश्यांची. कड्यावर चढताना समुद्राचा विचार करायचा असतो हे कार्डिफला आल्यावर कळलं.

गेल्या रविवारी आम्ही चौघं, त्यात तिघं पुण्याचेच, वेल्सच्या किनाऱ्यावरच्या गाउअर द्वीपकल्पातल्या थ्री क्लिफ्स बेला गेलो. चुनखडीचे तीन सुळके थेट वाळूत उभे आहेत, एका ठिकाणी खडकातून आरपार कमान. ओहोटीला वाळूवरून चालत पायथ्याशी जायचं, भरतीला तोच पायथा पाण्याखाली. आमच्यातला कर्वेनगरचा दादा मागून वर गेला आणि टॉप रोपचा, म्हणजे वरून सोडलेल्या दोराचा, अँकर (आधार) लावला, कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) धारेच्या खाली लोंबतील एवढ्या लांब स्लिंग्ज, म्हणजे मजबूत पट्ट्या, ठेवल्या, नाहीतर रोप धारेवर घासत राहतो. आपल्या बेसॉल्टची सवय असलेल्या हाताला हा दगड फार वेगळा लागतो, वर छान कोरडा, पण खालचा माणूसभर उंचीचा पट्टा ओला आणि बारीक टोकदार शिंपल्यांनी भरलेला, शूजचे तळवे पोटरीला पुसून पुसूनच पहिलं पाऊल टाकायचं.

स्वान्सीच्या या किनाऱ्यावर उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला, पाणी साधारण साडेआठ मीटर वरखाली होतं, म्हणजे तीन मजले म्हणा ना. आणि ते सारख्या वेगाने येत नाही, पहिल्या तासात काही हललंय असंच वाटत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र जवळजवळ निम्मी भरती येऊन जाते. माझी दुसरी चढाई नेमकी तेव्हाच चालू होती. वर चार हात राहिले होते आणि खालून दादा ओरडला, "खाली ये, आत्ताच्या आत्ता!" बघितलं तर बिले देणारा, म्हणजे खालून माझा रोप सांभाळणारा तो घोटाभर पाण्यात, रोपचं टोक लाटेबरोबर आतबाहेर. उतरेपर्यंत पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं. कोपरा वळून मोकळ्या वाळूवर येईपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, चौघांच्याही मोबाइलमध्ये होतं हो, पण आम्ही फक्त ओहोटीची वेळ पाहिली, रोप काढून निघायची वेळ ठरवलीच नाही. आता ती आधी ठरते, मग अँकर.

रात्री रोप टबात गोड्या पाण्यात भिजत घातला, कॅराबिनरही धुतले, मिठाने त्यांची उघडझाप होणारी गेट अडकायला लागतात. मग हर्णैच्या मामाला फोन केला. त्याचा हिशोब लहानपणापासून पाठ आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला तीन वाजता, अमावास्येला बाराच्या आसपास. इथे अमावास्येला भरदुपारी ओहोटी असते हे ऐकून तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "वेळ बदलेल गं, उधाण नाही बदलत. आज तिथी कुठली होती?"

चतुर्दशी होती. मी पाहिलीच नव्हती.