मशीन लावलं, आणि ‘बाकीचं’?

झोपेत घोरताना श्वास अडकण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) आहे म्हणून मी रात्री तोंडावर मास्क लावून झोपतो; नळीतून दाबानं हवा सोडणारं हे सीपॅप मशीन. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमच्याआधीही बऱ्याच जणांनी विचारलंय. फोंड्याच्या बाजारात मासळी घेताना, जत्रेत नाटकाचा पडदा वर जायची वाट बघताना, कुणाच्या मुंजीत हात धुताना. आधी ‘मशीननं झोप बरी लागते ना?’ मग इकडेतिकडे बघून हळूच, ‘आणि बाकीचं?’

बाकीचं, म्हणजे नवरा-बायकोतलं, थोडं सुधारलं. मशीनमुळेच का, हे मी छातीठोक सांगणार नाही.

पणजीच्या डॉक्टरांपुढे झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट होता. ताशी 42 वेळा श्वास अडकत होता. 30 च्या वर गेलं की तीव्र. साखर, प्रेशर, रात्री लघवीला किती वेळा उठता, असं विचारत विचारत त्याच सुरात त्यांनी विचारलं, ‘पती-पत्नी संबंध?’ मी म्हटलं, ‘सगळं ठीक.’ बायको शेजारी रिपोर्टच्या प्लास्टिक फाईलचं बटण उघडबंद करत बसली होती. ते थांबलं. ‘ना,’ ती म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. ‘ह्यांचा श्वास बंद पडला की मी आकडे मोजते. तीस झाले की हलवते. रात्रभर हेच. माझ्या मनात दुसरं काही यायला जागा कुठे आहे? म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपते, तर तिथूनही कान इकडेच.’ डॉक्टरांनी मान वर न करता लिहून घेतलं.

बाणस्तारीचा पूल येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. पुलावर मी म्हटलं, ‘परक्या माणसासमोर बोलायची काय गरज होती?’ ती म्हणाली, ‘मग कुणासमोर बोलू?’ माझं आजही म्हणणं आहे की हे घरी सांगता आलं असतं. तिचं म्हणणं, घरी कितीदा तरी सांगितलं. हा वाद मिटलेला नाही.

तोवर मी स्वतःशी म्हणायचो, पन्नाशी उलटली, साखर आहे, प्रेशरची गोळी आहे, झोपेचा इथे काय संबंध? डॉक्टरांनी संबंध सांगितला तो असा: पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं आणि पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं, झोपेचे तुकडे झाले की ते मार खातं. वर रक्तातला ऑक्सिजन रात्रभर खाली-वर होत राहिला की रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, आणि ताठरतेसाठी लागणारा रक्तप्रवाह त्याच्यावरच चालतो. पटलं. पण तेव्हाचा मी अजून आत बसून विचारतो: मशीन आलं त्याच सुमारास प्रेशरची गोळीही बदलली होती, रात्रीची फेणीही कमी केली होती. मग श्रेय कुणाचं?

म्हापशाचा एक मित्र टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यायला निघाला होता. त्याला अडवलं. घोरण्याच्या या आजारावर उपचार न करता ते घेतलं तर श्वास अडकणं वाढू शकतं. आणि नुसतं मशीन लावून टेस्टोस्टेरॉन फारसं वाढत नाही, असंच बहुतेक अभ्यासांत दिसलंय. ताठरतेपुरतं बघितलं तर छोट्या चाचण्यांत सिल्डेनाफिलची गोळी मशीनपेक्षा सरस ठरली. मीही घेतो, डॉक्टरांना विचारून. छातीत दुखण्यावर नायट्रेट चालू असेल त्यानं तिला हातसुद्धा लावू नये.

मग मशीन कशाला? पहाटेचं डोकं दुखणं गेलं, गाडी चालवताना डोळे मिटणं गेलं. आणि बायको खोलीत परत आली. हे तुम्ही कुठल्या रकान्यात घालणार? पहिल्या पावसाळ्यात वैताग होता. रात्री लाईट गेली की मास्कमधली हवा बंद आणि मी घामाघूम उठून बसायचो. शेवटी इन्व्हर्टर घेतला. दोन वाजता मास्क काढून फेकणाऱ्यांनी फायदा नाही म्हणून मला सांगू नये. रात्री निदान चार तास तरी लागतो, जास्त तितकं बरं.

आता तुमचा पुढचा प्रश्न, जो चवथीला माझ्या मेव्हण्यानं गणपतीच्या सोंडेकडे बोट दाखवून विचारला: ती लावून जमतं कसं? लावून जमवायचं नसतंच हो. झोपताना लावायचं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा बायकोला बरोबर न्या. तिला बोलू द्यायचं की नाही, ते मला विचारू नका.