पेपर न देता दहावी पास झालेली बॅच

आमची 2021 ची दहावीची बॅच, म्हणजे ज्यांना लग्नाकार्यात कुणीतरी काका अजूनही हसत हसत "कोरोनावाले ना तुम्ही?" असं विचारतात ती. आता गेट-टुगेदरचं चाललंय तर सगळं जुनं वर आलं. आठवीपर्यंत नॉर्मलच होतं, मधल्या सुट्टीतले डबे, पीटीला कबड्डी वगैरे. खरी गंमत नववीत, मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाली, वार्षिक परीक्षाच झाली नाही, आम्ही लय खूश!! तेव्हा कुणाला माहीत की दहावीच्या निकालात प्रत्येक विषयाचे 50 मार्क याच नववीवरून मिळणार, बाकी 30 दहावीच्या अंतर्गत लेखीचे आणि 20 तोंडी-प्रात्यक्षिकाचे. ज्यांनी नववीत टाइमपास करून दहावीला जोर लावला होता त्यांच्यावर अन्यायच झाला, हे माझं स्पष्ट मत (हो, मी त्यातलाच). राज्याचा निकाल 99.95 टक्के, मग पेढे नेऊन द्यायचे तरी कुणाला, सगळ्यांच्याच घरी पेढे! अकरावीसाठी सीईटी होणार म्हणून परत पुस्तकं काढली तर ऑगस्टमध्ये हायकोर्टाने तीही रद्द केली.

निरोप समारंभ पण राहिलाच, मुलींनी तर साड्यांचे रंग नववीतच ठरवून ठेवले होते. म्हणून आता दिवाळीत तो करायचाय, बाईंना पण बोलवायचं, फक्त हॉलचे पैसे आधी कोण भरणार यावरून ग्रुपवर भांडण चालूये.