छप्पनची भानगड

इंदूरात कुणी "संध्याकाळी छप्पनवर ये" म्हणालं की पुढे काही विचारायचं नसतं, न्यू पलासियातली छप्पन दुकान ही खाण्याची गल्ली, झालं. गाडी बाहेर लावायची, आत शिरायचं नि आधी खोपरा पॅटिस घ्यायचं, बटाट्याचं आवरण मोडलं की आतून खोबऱ्याची वाफ येते, ती जाईपर्यंत थांबलात तर तुम्ही इंदुरी नाही.

पण छप्पन हा आकडा खाण्याशी जोडला गेला तो आधीपासूनच. कृष्णाने सात दिवस गोवर्धन धरून ठेवला, रोजची आठ वेळची खाणी बुडली, तर गोकुळवाल्यांनी हिशोब चुकता केला, आठ सत्ते छप्पन्न! म्हणून अन्नकूटला छप्पन भोग. खरं सांगू, आमच्याकडच्या मंदिरात ताटं नीट बघितली तर एकाच बर्फीचे चार रंग चार पदार्थ म्हणून मोजलेले असतात, देवही मनातल्या मनात हसत असेल. कीर्तनात बसलात तर छप्पन्न कोटी यादव नि छप्पन्न देश आहेतच, आणि कुणी फार शहाणपणा केला की आई म्हणायची, असे छप्पन बघितलेत मी.

आता दुसरी बाजू. आमच्या शेजारच्या मारवाडी काकू अन्न टाकलेलं बघितलं की "छप्पनिया" आठवतात. विक्रम संवत 1956, म्हणजे 1899 साली पाऊसच पडला नाही, राजस्थान, गुजरात, माळवा सगळीकडे दुष्काळ, मारवाडात लोकांनी खेजडीच्या झाडाची साल दळून खाल्ली. आपल्या शकाप्रमाणे ते साल 1821, बहुतेक म्हणूनच मराठी घरांत हे नाव रुजलं नसावं. ज्या आकड्याने देवाचं ताट भरायचं त्याच आकड्याचं नाव उपासमारीला, हे मला अजून पचत नाही.

आणि आजोबांचा छप्पन तिसराच. 1 नोव्हेंबर 1956, मध्य भारत हे राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, तोवर इंदूर उन्हाळी राजधानी होती, ग्वाल्हेर हिवाळी. राजधानी गेली भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला, आपल्याला मिळालं खंडपीठ नि पीएससी, म्हणजे राज्याचा लोकसेवा आयोग. आजोबा शेवटपर्यंत भोपाळवर खार खाऊन होते. पण इंदूरच्या भंवरकुआ भागात कोचिंगच्या पोरांची जी तोबा गर्दी असते ना, खोल्यांची भाडी, टिफिनवाले, रात्रीचे पोहे, त्यात त्या पीएससीचा वाटा मोठा आहे, हे काही त्यांनी कधी कबूल केलं नाही.